आकुर्डी स्टँडवरचं सुखोई

आकुर्डी स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर इंदुताई गांगुर्डेच्या नादी लागायचं नाही, हे चौकातल्या वाहतूक हवालदारालासुद्धा ठाऊक आहे. बाई पंचेचाळिशीची. अंगात खाकी कोट, कोटाखाली साडी, साडीखाली स्पोर्ट शूज. आवाज असा, की तळवड्याची एक सीट कमी पडत असेल तर स्टेशनच्या जिन्याच्या वरच्या पायरीवरचं गिऱ्हाईक ती खालून हाक मारून उतरवते. पण हीच बाई भांडता भांडता एकदम गप्प होते, मान वर करते आणि हॉर्न दाबून धरते, तेव्हा समजायचं, लोहगावच्या विमानतळावरचं सुखोई विमान डोक्यावरून गेलं.

नवं गिऱ्हाईक दचकतं. "काय हो, कोण आडवं आलं?"

"मला आडवं यायची कुणाची छाती आहे? माझ्या माहेरचं माणूस गेलं वरून. ओळख द्यायला नको?"

तिचं माहेर ओझरचं, नाशिकच्या पुढचं. तिथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे आणि त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिचे वडील रंगराव यांनी उभी हयात चपात्या भाजल्या. इंदुताईचा हिशेब सरळ होता. विमान बनवणाऱ्या माणसांना जेवू कुणी घातलं? अण्णांनी. मग विमान कुणाचं? या युक्तिवादाला उत्तर देणारा वकील अजून पिंपरी कोर्टात उभा राहिलेला नाही.

लग्न होऊन ती रुपीनगरच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला इथलं काहीच आपलं वाटत नव्हतं. नवरा चाकणला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, आज पहिली शिफ्ट, उद्या तिसरी. शेजारीण लातूरची, घरमालकीण मावळातली, दूधवाला तिसऱ्याच मुलखातला. एक दिवस गच्चीवर चादर वाळत घालताना आभाळ फाटल्यासारखा आवाज आला. घरमालकीण गोजाबाईंनी कानात बोटं घातली. "मेल्यांना दुसरं आभाळ न्हाई का?" इंदू मात्र ओली चादर छातीशी धरून वर बघत राहिली. हा आवाज तिच्या बालपणाचा होता. शाळेत गणिताच्या तासाला बाईंना गप्प करणारा, आईच्या हातातली भाकरी थांबवणारा. पुढे पेपरात आलं, की ही सुखोई विमानं आता ओझरलाच बनतात. झालं! त्या दिवसापासून पुण्याच्या आभाळात तिचा हक्काचा माणूस होता.

रिक्षा हातात आली ती बऱ्याच वर्षांनी. नवऱ्याला कंपनीने पर्मनंट करायचं गाजर दाखवत दाखवत त्याचे केस पांढरे केले. शेवटी इंदुताई म्हणाली, "ते गाजर तुम्ही खा, मी रिक्षाचा बॅज काढते." लायसन झालं, बॅज झाला, कर्जाची रिक्षा दारात आली. पहिल्या दिवशी स्टँडवर नंबर लावला, तर लाइनीत सगळ्यात जुना असलेला नंदकिशोर पुढे आला. हा मूळचा अहमदपूरचा. मिशी मोठी, मन त्याहून मोठं. पण मन आत असतं, मिशी बाहेर.

"ताई, लेडीज रिक्षा तिकडं कडंला लावत जा."

"रिक्षाला मिशी असते का रे भाऊ?" इंदुताईने विचारलं. "माझ्याला नाही, तुझ्याला आहे का? दाखव बरं कुठून फुटलीय."

स्टँड हसला. नंदकिशोरही हसला, कारण त्याला हसू आवरत नाही. त्या दिवसापासून दोघांचं असं जमलं, की एकजण पूर्व म्हणाला तर दुसऱ्याने पश्चिमच म्हणायचं.

मागच्या दिवाळीत तिने रिक्षाच्या हूडवर सुखोई लावून घेतलं. रेडियमच्या दुकानातल्या सुजितने मोबाईलवर फोटो बघून ते कापलं. निळंकरडं अंग, शेपटाचे दोन खांब, आणि खाली लाल अक्षरांत, 'ओझरची लेक'. त्याच संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला. "अण्णा, तुमचं विमान लावलंय माझ्या रिक्षाला! दसऱ्याला या, तुमच्या हातानं हार घाला." पलीकडून म्हातारा म्हणाला, "येतो." आणि पुढचं वर्षभर त्याने ही गोष्ट गावात पारावर, दवाखान्यात, किराणा दुकानात, भेटेल त्याला सांगितली.

इथपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. मग स्टँडवर अवधूत आला.

अवधूत तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला. तळेगावहून लोकलने आकुर्डीला उतरायचं आणि तिथून शेअर रिक्षा. पोरगं गरीब स्वभावाचं, पण लढाऊ विमानांचं वेड असं, की बायकोच्या वाढदिवसाची तारीख एक वेळ चुकेल, विमानाच्या पंखाची लांबी चुकणार नाही. पहिल्याच दिवशी त्याने हूडवरचं चित्र पाहिलं, खूश झाला, आणि रिक्षा तळवड्याच्या रस्त्याला लागल्यावर मागून म्हणाला, "ताई, चित्र झकास आहे. पण खरं सांगू? अगदी जवळून जुंपली ना, तर राफेल भारी पडेल."

रिक्षा जागच्या जागी थांबली. मागच्या टेम्पोने शिवी हासडली.

"उतर."

"अहो ताई, मीटिंग आहे माझी!"

"मीटिंगला राफेलमधून जा. उतर खाली."

शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी मध्यस्थी केली म्हणून तो वाचला. पण दुसऱ्या दिवशी तो जिना उतरला, तर इंदुताईच हाक मारत होती. "ए राफेल! इकडे ये. काल अर्धंच बोललास. आज पूर्ण सांग, ऐकते, मग उतरवते."

असा तो रोजचा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला तिघा गिऱ्हाइकांपुरता होता, मग लाइनीतले सगळेच कान टवकारू लागले. इंदुताईचा मुद्दा एकच. सुखोईच्या इंजिनाचं तोंडच वळतं. इतर विमानांना पंखांच्या आणि शेपटाच्या झडपांवर वळावं लागतं, हे पठ्ठं जळता झोतच पाहिजे तिकडे फिरवतं. हवेत नाक वर करून नागासारखं उभं राहतं. "जागच्या जागी फिरतं रे! त्याच्या मागं लागायची कुणाची टाप आहे?"

"फिरतं, कबूल," अवधूत म्हणायचा. "त्यात त्याचा हात धरणारं कमीच. पण तसं फिरलं की वेग जातो. अंगाने जड आहे ते. एकदा वेग गेला की ते हवेत लटकलेलं पोतं. तेवढ्यात समोरचा मेला तर ठीक, नाही तर दुसरा कुणी येऊन टिपणार."

"आणि तुझं राफेल?"

"अंगाने लहान, हलकं. त्रिकोणी पंख, पुढे नाकाजवळ दोन छोटे पंख. पहिलं वळण असं घेतं, सुरीनं काकडी कापावी तसं."

"पहिलं! अन् दुसरं?"

इथे अवधूत अडायचा, कारण पोरगं प्रामाणिक होतं. "त्रिकोणी पंखही जोरात वळताना वेग खातात, हे खरंय. शेवटी किती उंचीवर आहात, किती वेगात आहात, टाकीत तेल किती, चालवणारा कोण, यावर असतं सगळं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही!" इंदुताई विजयी मुद्रेने गिअर टाकायची.

आता आमच्या या पट्ट्यात गाडी जोखायची पद्धत काय? सकाळी सहाला शिफ्टच्या बसगाड्या, कंटेनर, दुधाचे टेम्पो आणि बापाचा रस्ता असल्यासारख्या आडव्या लावलेल्या मोटारी, यांच्या मधून एका दमात यू टर्न बसतो का? बसला तर गाडी चांगली, नाही बसला तर भंगार. महापालिका दरवर्षी नवे दुभाजक टाकते आणि दरवर्षी आमची ही परीक्षा अवघड करते. तेव्हा स्टँडने विमानांनाही तोच नियम लावला. ज्याचं रिंगण लहान, तो जिंकला. अवधूत जीव तोडून सांगत होता, की रिंगण लहान असणं वेगळं आणि रिंगण लवकर पुरं करणं वेगळं, आणि पुरं केल्यावर अंगात दम उरणं त्याहून वेगळं. पण रिक्षावाल्याला दुभाजकाच्या पुढचं जग कोण पटवणार?

नंदकिशोरने आपली बाजू पहिल्याच आठवड्यात जाहीर केली होती. "मला इमानातलं काय बी कळत नाही. पण ताई जिकडं, त्याच्या इरुद्ध मी. आजपासून मी राफेल."

दसरा जवळ आला. रंगरावांचं येणं ठरलं. इंदुताई रोज हूड ओल्या फडक्याने पुसत होती, जसं काही पाहुणा म्हातारा नसून आरटीओचा पासिंगवाला साहेब आहे. ते पाहून नंदकिशोरला खोडी सुचली. भर लाइनीत, चहाचा ग्लास हातात धरून तो म्हणाला, "किती पुसायलीस ताई? पुसून काय ते वळणार हाय का? बापाला सांग, तुझं इमान म्हाताऱ्या म्हशीवानी वळतंय म्हणून."

म्हैस म्हटलेलं तिने सोडून दिलं असतं. 'बापाला सांग' हे नाही सोडलं.

फडकं तिने हूडवर आपटलं. "नंदकिशोर, एवढी खुमखुमी आहे ना? लाव पैज! माझं सुखोई, तुझं राफेल. खंडेनवमीला, जत्रेच्या मैदानात, सगळ्यांच्या समोर. हरेल त्यानं जिंकणाऱ्याचं विमान आपल्या हूडवर लावायचं. अक्षरांसकट! अन् पुढच्या दसऱ्यापर्यंत उतरवायचं नाही."

"अन् स्वतःचं?"

"स्वतःचं खरवडून काढायचं."

"लागली!" नंदकिशोर म्हणाला, आणि तडक सुजितच्या दुकानात गेला. तासाभरात त्याच्या हूडवर राफेल चढलं. खाली पिवळ्या अक्षरांत, 'अहमदपूरचा वाघ'.

घरी आल्यावर इंदुताईचा पारा उतरला. अण्णा वर्षभर गावाला सांगतायत. म्हातारा ऐंशीच्या घरात, गुडघे धरत एसटीने येणार, हार घेऊन रिक्षाच्या मागे जाणार, आणि तिथे काय दिसणार? 'अहमदपूरचा वाघ'! नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढे ओढत म्हणाला, "तोंड उघडायच्या आधी जरा क्लच दाबत जा."

"दाबला असता तर रिक्षा घेतली असती का मी?" ती म्हणाली. पण त्या रात्री भात तिने पानात तसाच ठेवला.

खंडेनवमीला सगळा पट्टा आपापली हत्यारं धुतो. चाकणच्या शेडमध्ये लेथला हळदकुंकू लागतं, पान्यांच्या ओळी मांडतात, आणि स्टँडवर रिक्षा न्हाऊन-धुऊन दुसऱ्या दिवसाच्या हारांसाठी तयार होतात. स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग पडलेले. त्यातूनच लढाईचा नियम निघाला. तो ठरवला अवधूतने, कारण पंच तोच. झेंडूचं फूल म्हणजे क्षेपणास्त्र. दोन्ही रिक्षा समोरासमोरून एकमेकींच्या बाजूने जाणार, तिथून लढाई सुरू. फूल समोरच्या रिक्षाच्या आत पडलं, की ती रिक्षा पडली. धडक दिली, की बाद. वेग सायकलपेक्षा जास्त नाही, कारण पंचाला बायको आहे.

दुपारी मैदानात सगळा स्टँड जमला. सुजित रेडियम कापायची सुरी आणि पट्टी घेऊनच आला होता. "जो हरेल त्याचं इथंच खरवडतो, ताई. सेवा जागेवर." इंदुताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने सुरी खिशात टाकली.

"एक मुद्दा आहे," अवधूत म्हणाला. "सुखोईत दोघं बसतात. पुढे एक, मागे एक."

"मग मलाबी दुसरा पायजे," नंदकिशोर म्हणाला.

"तुझ्या चित्रात काचेखाली एकच डोकं आहे," इंदुताई म्हणाली. "मोजून घे. चित्र तुझं, मी नाही काढलं."

नंदकिशोरने मागे जाऊन पाहिलं. एकच होतं. सुजितने रेडियम वाचवलं होतं.

आता इंदुताईच्या मागे बसायचं कुणी? जो तो दुसऱ्याकडे बघत होता. तेवढ्यात मैदानाच्या कडेने एक रिक्षा आली आणि तिच्यातून धोतर, टोपी, कांद्याची पिशवी आणि शेवटी काठी उतरली. रंगराव एक दिवस आधीच आले होते. घरी कुलूप बघून त्यांनी गोजाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमची लेक मैदानात इमान उडवतीया."

"अण्णा!" इंदुताईचा चेहरा एकाच वेळी उजळला आणि पडला. "उद्या येणार होतात ना?"

"बस लवकर लागली. अन् उद्या गर्दी असती. काय चाललंय हे?"

त्यांनी रिक्षाच्या मागच्या बाजूला जाऊ नये अशा बेताने तिने त्यांना धरलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. पैज सांगितली, हरलं तर काय ते सांगताना मात्र तोंडातल्या तोंडात बोलली. म्हाताऱ्याने ऐकलं, टोपी नीट केली, कांद्याची पिशवी पंचाच्या हातात दिली.

"मागं माणूस लागतो ना? मंग मी बसतो."

"अण्णा, पडाल!"

"चालत्या टेम्पोत पिठाची पोती धरून बसायचो मी. फुलं कुठंयत?"

झेंडूची टोपली मांडीवर घेऊन रंगराव मागच्या सीटवर बसले. दोन्ही रिक्षा मैदानाच्या दोन टोकांना गेल्या. अवधूतने रुमाल खाली केला.

पहिल्या भेटीत नंदकिशोरने एक फूल फेकलं, ते मीटरला लागून बाहेर गेलं. रिक्षा एकमेकींना ओलांडून गेल्या, आणि इंदुताईने हँडल पार कडेपर्यंत मारलं. काय वळवली राव! पुढचं चाक आडवं, आतलं मागचं चाक जमिनीवरून हलकंच सुटलेलं, रंगराव टोपलीसकट एका कडेला. नंदकिशोर अजून आपलं मोठं वळण मोजत होता, तोवर ती त्याच्या शेपटीला नाक लावून उभी. स्टँड ओरडला. "सुखोई! सुखोई!" रंगरावांनी फूल फेकलं. हूडला लागलं, खाली पडलं. दुसरं फेकलं, नंदकिशोरच्या खांद्यावरून गेलं.

आणि इथेच अवधूतचं वर्षभराचं प्रवचन इंदुताईला हँडलमधून ऐकू आलं. एवढी वळवल्यावर रिक्षात दमच उरला नव्हता. गिअर मोठा, वेग मेलेला, इंजिन खोकायला लागलं. तिने गिअर खाली घेतला तोवर नंदकिशोर पुढे निघून गेला होता. लांबून, सावकाश, वेग न मोडता त्याने गोल घेतला. ती मान वळवून बघतेय तोवर तो मागून येत होता.

"अण्णा, तो मागं लागला!"

"दिसतोय मला. तू चालव."

तिने डावीकडे मारली, तो डावीकडे. उजवीकडे मारली, तो उजवीकडे. दर वळणाला तिचा वेग थोडा मरत होता आणि त्याचं अंतर थोडं कमी होत होतं. आता तो इतका जवळ, की मिशीतलं हसू आरशात दिसत होतं. त्याने एक हात हँडलवरून काढला, फूल उचललं.

इंदुताईच्या डोळ्यांपुढे पिवळी अक्षरं नाचली. अहमदपूरचा वाघ!

मागे रंगरावांनी काय करावं? म्हातारा सीटवर गुडघे टेकून उलटा झाला. हूडच्या मागची प्लास्टिकची खिडकी त्याने वर गुंडाळली. आणि हयातभर तव्यावरची चपाती न बघता टोपलीत टाकली, तशी मनगटाची एक झटक मारली.

दोन्ही फुलं एकाच वेळी सुटली. नंदकिशोरचं फूल उघड्या खिडकीतून आत आलं आणि रंगरावांच्या टोपीवर बसलं. रंगरावांचं फूल नंदकिशोरच्या मिशीवर फुटलं. दोन्ही रिक्षा थांबल्या. थोडा वेळ धुळीशिवाय काही हललं नाही.

मग जो गलका झाला! "मागं फेकायचं नसतं!" "कुणी सांगितलं नसतं?" "क्षेपणास्त्र पुढं जातं!" सगळे पंचावर धावून गेले. अवधूत कांद्याची पिशवी छातीशी धरून एका दगडावर चढला.

"ऐका! फेकायचं असतं! आता वैमानिकाच्या डोक्यावर असं हेल्मेट असतं, की मान वळवून बघितलं की क्षेपणास्त्र तिकडे निघतं. अख्खं विमान वळवायची गरजच कमी झालीय. आजोबांनी मान वळवली. बरोबर केलं. आणि नंदूभाऊंनी वेग राखला, तेही बरोबर केलं."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही. दोन्ही विमानं पडली. इतक्या जवळ गेलं की बहुतेक वेळा असंच होतं. म्हणून खरे वैमानिक इतक्या जवळ जायचंच टाळतात."

"हे तू वर्षभर आधी नाही सांगायचं?" इंदुताई किंचाळली.

"तुम्ही दर वेळी मला उतरवत होतात!"

दोघंही पडले, म्हणजे दोघंही हरले. आणि हरलेल्याने काय करायचं, हे सगळ्या स्टँडने कानांनी ऐकलं होतं. इंदुताई सरळ उभी राहिली. शब्द मोडायची सवय तिच्या घराण्यात नव्हती. "सुजित," ती म्हणाली, "काढ." आणि वडिलांकडे न बघता पुढे म्हणाली, "अण्णा, आधी एकदा बघून घ्या तुमचं विमान. नंतर नसेल."

रंगराव काठी टेकत रिक्षाच्या मागे आले. चष्मा पुसला. वाकून बघितलं. पुन्हा सरळ होऊन बघितलं.

"हे कोणतं?"

"कोणतं म्हणजे? सुखोई! तुमचं!"

"माझं कुठलं? हे आलं तवर माझी रिटायरमेंट आली व्हती. आमचं मिग, इंदू. मी गावभर मिग सांगून बसलोय."

नंदकिशोरला हसू फुटलं. हसता हसता तो आपल्याच रिक्षाच्या पायरीवर बसला. "ज्याच्यासाठी ताईनं वर्षभर आमचं डोस्कं खाल्लं," तो मिशीतल्या पाकळ्या काढत म्हणाला, "त्या बापाला हे इमानच ठाऊक नाही!"

इंदुताईला रडावं की त्याला मारावं कळेना. शेवटी तीही हसली. "मिग जुनं झालं हो अण्णा. गेल्या आठवड्यात निरोपसुद्धा दिला त्याला. टीव्हीवर दाखवलं."

"बघितलं मी. शेवटपर्यंत उभं राहून बघितलं." म्हाताऱ्याने टोपीवरचं फूल काढून हातात फिरवलं. "माणूस रिटायर झाला म्हणून बाप राहत नाही का?"

अवधूतने हळूच विचारलं, "आजोबा, मिग वळायला कसं होतं हो?"

"वळायला?" रंगरावांचे डोळे चमकले. "वळायचं नाव नको. वळण घ्यायला त्याला अख्खा तालुका लागायचा. पण सरळ निघालं ना, की बघणाऱ्याच्या हातातला घास हातात राहायचा." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "हिच्यासारखं."

सुजितने सुरी काढली. दोन्ही विमानं त्याने न फाडता, अक्षरांसकट, अख्खी सोडवली आणि अदलाबदल करून एकमेकांच्या हूडवर लावली. मग कुणी न सांगता उरलेल्या चंदेरी रेडियममधून एक छोटं, बारीक, सरळसोट विमान कापलं आणि इंदुताईच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात लावलं. रंगरावांनी ते जवळून बघितलं, बोटाने कड दाबून पक्की केली आणि म्हणाले, "नाकाला अजून थोडं टोक पायजे व्हतं. पण चालंल."

दसऱ्याच्या सकाळी स्टँडवर रिक्षांची ओळ झेंडूने पिवळीधमक झाली होती. रंगरावांनी लेकीच्या रिक्षाला पुढून हार घातला, तो मिगला टेकेल असा. मागे राफेल होतं आणि राफेलखाली 'अहमदपूरचा वाघ'. शेजारच्या रिक्षाला टेकून मिशीवाला नंदकिशोर उभा, आणि त्याच्या पाठीमागे लालभडक अक्षरांत 'ओझरची लेक'. येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी अक्षरं वाचत होतं, मग मिशी.

तेवढ्यात आभाळ फाटलं. इंदुताईचा हात सवयीने हॉर्नकडे गेला, पण तिच्या आधी शेजारचा हॉर्न वाजला. लांब, ठणठणीत.

"ए! तुझं काय आहे तिथं?" ती ओरडली.

"आता ते माझं हाय, ताई!" नंदकिशोर मान वर करून म्हणाला. "बघ कसं चाललंय. जागच्या जागी फिरतं म्हणं."

इंदुताईने वर पाहिलं. मग आपल्या हूडकडे पाहिलं. पदर खोचला.

"फिरतं रे, फिरतं. अन् फिरल्यावर काय होतं, ते काल बघितलंस ना? पोतं होतं पोतं! राफेलला विचार, वळण म्हणजे काय असतं. सुरीनं काकडी कापल्यासारखं."

जिन्यावरून उतरणारा अवधूत हे ऐकून मधल्या पायरीवर थबकला. सुट्टीच्या दिवशी तो सोनं द्यायला आला होता, हातातली आपट्याची पानं हातातच राहिली.

"ताई, हे तुम्ही बोलताय?"

"बोलते म्हणजे? माझ्या रिक्षावर आहे ते. त्याला कुणी नावं ठेवलेली मी ऐकून घेईन का?" ती म्हणाली, आणि रिक्षात वडिलांना हात देऊन बसवलं. "ये, बस तूही. आज तळवडं नाही. आज अण्णांना लोहगावच्या कडेपर्यंत फिरवून आणते. बघू दे त्यांना, हे नवं पोर कसं उडतं ते."

रंगराव सीटवर नीट बसले, काठी गुडघ्यात धरली. "सरळ रस्त्यानं ने," ते म्हणाले. "कालचं वळण अजून कमरेत हाय."